तारबाबूची मनगटी

शालीकरामचा उजवा हात पूस महिन्याच्या थंडीत रुसतो, ही गोष्ट गोंदियापासून सौंदडपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनाला ठाऊक होती. फक्त शालीकरामची समजूत अशी होती, की ती त्याच्या घराबाहेर गेलेली नाही.

दोष त्याच्या धंद्याचा होता. शालीकराम गोंदिया स्टेशनात तारबाबू होता. छोट्या लाइनवरची कोणती गाडी कुठे आली, कुठे अडली, कुठे म्हैस आडवी गेली, हे सगळे तो एका पितळी चावीवर टकटक करून पुढच्या स्टेशनांना कळवी. तारबाबू लोक एकमेकांची तोंडे क्वचितच पाहतात. ते एकमेकांचे हात ऐकतात. एकाचा ठोका लांबट, दुसऱ्याचा तुटक, तिसरा प्रत्येक शब्दानंतर तंबाखू मळल्याएवढा थांबणारा. सौंदडचा उदाराम तर शालीकरामच्या पहिल्या चार ठोक्यांवरून सांगे, की आज यांच्या घरी कढी झाली की वाद. थंडी पडली की शालीकरामचे मनगट आखडे. मग छोटे ठोके मोठे होत, मोठे ठोके मध्येच विचारात पडत, आणि उदाराम उत्तराच्या शेवटी पदरचे दोन शब्द जोडी : हात शेका.

एरवी हे असेच चालले असते. परंतु १९५४च्या डिसेंबरात वरून एक पत्रक आले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व तारबाबूंची गतीची परीक्षा होणार होती. मिनिटाला बावीस शब्द, सलग पाच मिनिटे. जो नापास होईल त्याची चावी काढून त्याला मालधक्क्यावर तांदळाची पोती मोजायला बसवणार होते. पोती मोजणे हे हलके काम आहे असे नाही. पण बारा वर्षे ज्याचा ठोका सगळी लाइन ऐकत आली, त्याने यापुढे पोत्यांशी बोलायचे, हे शालीकरामला सोसणारे नव्हते. म्हणून त्याने ते पत्रक घरी कोणाला न दाखवता गहू निवडायच्या सुपाखाली ठेवले.

ते त्याच्या बायकोला सापडले. प्रेमिला नागपुरात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली होती आणि गावातल्या मुलींच्या शाळेत गणित व विज्ञान शिकवी. ती कमी बोले, आणि बोलली तर त्यात एखादा आकडा असे. तिने पत्रक वाचले, घडी घालून परत सुपाखाली ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून थर्मामीटर आणले. घरी सरावासाठी एक जुनी चावी होती. तिच्यावर शालीकराम सकाळी सहाला किती शब्द मारतो, दुपारी किती, चुलीपाशी बसून किती, याची तिने आठ दिवस नोंद ठेवली. ऐकून ऐकून तिला तारेची भाषाही कळू लागली. आठव्या दिवशी तिने चौकटीच्या कागदावर एक रेघ काढून नवऱ्यापुढे धरली. सकाळी चौदा शब्द, दुपारी तेवीस. अडचण शालीकरामात नव्हतीच. ती तापमानात होती.

शालीकरामला हे ऐकून बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याच्या दोषाची आलेखावर सुटका केली होती.

आता उपाय. रेल्वेच्या चाळीत उपायांना तोटा नसतो. शालीकरामची आई रुख्माबाई लसूण जाळलेले मोहरीचे तेल रोज चोळतच होती. शेजारच्या शकुंतलाबाईंनी तांब्याचे कडे सुचवले. त्यांचे यजमान गार्ड होते. त्यांनी ब्रँडी चोळावी असे सांगितले, आणि चोळून गुण आला नाही तर उरलेली वाया घालवू नये असेही सांगितले. हातमोजे घालावेत, असे तर सगळेच म्हणाले. पण चावी अंगठा आणि दोन बोटांनी धरतात. मोज्यातून चावी धरणे म्हणजे पोत्यातून मोती ओवणे.

प्रेमिलाने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सांगितले, की बोटांकडे जाणारे रक्त मनगटातून जाते, आणि तिथे नळ्या कातडीच्या अगदी जवळ असतात. नळी गरम ठेवली तर तोटीला आपोआप गरम पाणी येते. तेव्हा बोटे मोकळी सोडून फक्त मनगट झाकेल अशी लोकरीची एक नळी ती स्वतः विणणार होती.

प्रेमिलाला बटणसुद्धा शिवता येत नाही, हे चाळीला माहीत होते. ती बटण शिवायची, पण ते असे शिवायची की नंतर काजात जायचे नाही.

रुख्माबाई म्हणाली, "सूनबाई, तू पुस्तक वाच. हे सुईचं काम आहे, हे परीक्षा देऊन येत नाही."

हे वाक्य प्रेमिलाला लागले. त्या दिवसापासून प्रकरण शालीकरामच्या एकट्याच्या इभ्रतीचे राहिले नाही.

क्रोशाचे शिक्षण शकुंतलाबाईंकडे सुरू झाले. शकुंतलाबाईंचा क्रोशावर अधिकार मोठा होता. त्यांच्या घरात न झाकलेली वस्तू नव्हती. माठावर जाळी, ट्रंकेवर जाळी, कंदिलावर जाळी. यजमान बसल्या जागी फार वेळ हलले नाहीत तर त्यांच्यावरही जाळी पडेल अशी स्थिती होती. सुई त्यांच्या हातात अशी चाले की नजर ठरत नसे. प्रेमिला समोर वही घेऊन बसली आणि तिने विचारले, की सुरुवातीला साखळीचे टाके किती घ्यायचे.

"जितके पायजेत तितके," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"पण किती पाहिजेत ते कसं कळतं?"

"हाताले समजते, बहेनजी. गिनती केली की हात भुलते."

प्रेमिलाने वहीत लिहिले : टाके = अज्ञात. मग घरी येऊन तिने एक चौरस विणला. तो चौरस झाला नाही, पण त्यातल्या एका इंचात पाच टाके बसतात एवढे निघाले. शालीकरामचे मनगट तिने तीन वेळा मोजून सरासरी काढली. पावणेसात इंच. पाच गुणिले पावणेसात, म्हणजे चौतीस टाके. आता राहिली फक्त लोकर.

गोंदियात लोकर मिळते, पण ती दिवाळीला येते आणि चांगले रंग देवदिवाळीला संपतात. बाजारातल्या सेवकराम शेठच्या दुकानात तिला एकच रंग उरलेला मिळाला. तो लाल होता. शेठ म्हणाले की लाल रंग गरम असतो. प्रेमिलाने त्यांना समजावून सांगितले, की लोकर तापवण्याच्या बाबतीत रंगाचा संबंध उन्हात येतो, टेबलाखाली येत नाही. शेठनी ते शांतपणे ऐकले आणि लोकर बांधून दिली.

अकरा दिवस ती शाळेतून आली की सुई घेऊन बसे. पहिले दोन दिवस लोकरीचा गुंता झाला. पाचव्या दिवशी गुंत्यात ओळी दिसू लागल्या. अकराव्या दिवशी पहिली मनगटी पूर्ण झाली. प्रेमिलाने टेप लावून पाहिली. पावणेसात इंच, केसभरही कमीजास्त नाही. चाळीतल्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. शालीकरामने हात पुढे केला. मनगटी बोटांवरून सरळ आली, अंगठ्याच्या बुडाशी थांबली, आणि पुढे जाईना. त्याने जोर लावला. शकुंतलाबाईंनी जोर लावला. गार्डसाहेबांनी मागून शालीकरामला धरले. मनगटी मनगटाच्या मापाची तंतोतंत होती. तिला मनगटापर्यंत पोचायला वाट नव्हती.

कोणी हसले नाही, हे जास्त वाईट होते. शेवटी रुख्माबाईने लेकाचा हात मांडीवर घेतला, अंगठा तळव्यात मुडपला आणि मुठीची हाडे चाचपली.

"कासारीण मनगट पाहते का वो कधी?" ती म्हणाली. "तिच्या मनगटाशी काय घेणं? ती मूठ पाहते. बांगडी मुठीतून गेली की मनगटाचं मनगट पाहून घेते."

प्रेमिलाने आपल्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिले. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून ती हा प्रयोग स्वतःच्या हातावर करत आली होती आणि निष्कर्ष मात्र तिने काढला नव्हता. तिने वही उघडली आणि सासूसमोरच लिहिले : मूठ, सव्वाआठ इंच. रुख्माबाईचे अक्षर ओळखण्याशी वैर होते, पण आपले बोलणे वहीत चढलेले तिला कळले, आणि त्या संध्याकाळी तिने प्रेमिलाला आपणहून चहा करून दिला.

आता पेच असा, की नळी सव्वाआठ इंचांतून जायला हवी आणि पावणेसात इंचांवर घट्ट बसायला हवी. म्हणजे ती ताणली गेली पाहिजे. प्रेमिलाने शकुंतलाबाईंच्या सगळ्या जाळ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या. एका उशीच्या अभ्र्यावर तिला उठावाचे खांब दिसले. त्यात सुई टाक्याच्या डोक्यात न घालता खालच्या खांबाच्या कमरेभोवती फिरवतात. एक खांब पुढून, एक मागून. कापडावर उंच-सखल पट्ट्या उठतात, नांगरलेल्या धानाच्या बांधीसारख्या, आणि त्या पट्ट्या ताणतात व पुन्हा मिटतात. शिवाय सखल भागात हवा राहते. हवा राहिली की उष्णता राहते. हे तिने गृहीत धरले नाही. तिने औषधाच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरले, एकीला सपाट विणीचा तुकडा गुंडाळला, दुसरीला उठावाचा, आणि दर पाच मिनिटांनी थर्मामीटर घालून पाहू लागली.

रुख्माबाई दारातून पाहत होती. "बाटलीले थंडी वाजून राहिली का?" तिने विचारले.

अर्ध्या तासात उठावाची बाटली चार अंशांनी पुढे होती. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई विहिरीवर सांगत होती, की आमच्या सुनेची बाटली जिंकली.

लाल मनगट्यांची जोडी नाताळात तयार झाली. त्या सहज चढल्या, घट्ट बसल्या, आणि शालीकराम सकाळी सातला चावीवर बसून वीस शब्दांवर गेला. वीसवरून बावीसवर जाणे ही आता फक्त दिवसांची गोष्ट होती. त्याला इतका आनंद झाला, की समोरून सुटलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरला त्याने खिडकीतून हात काढून जोरजोरात रामराम केला.

रेल्वेत लाल वस्तू हलवणे याचा अर्थ एकच असतो. ड्रायव्हरने गाडी जागच्या जागी उभी केली. मागच्या डब्यातून गार्डसाहेब उतरून धावत आले, दोन सांधेवाले आले, आणि रुळाखाली, पुलावर, इंजिनाच्या पोटात अशी सगळीकडे पाहणी झाली. धोका कुठेच नव्हता. तो तारबाबूच्या मनगटावर होता. गाडी सहा मिनिटे उशिरा गेली आणि संध्याकाळपर्यंत शालीकरामला लेखी विचारणा आली, की ड्यूटीवर असताना त्याने लाल वस्तू का हलवली. त्याने उत्तर लिहिले की थंडीमुळे. हे उत्तर पुरेसे समजले गेले नाही.

लाल मनगट्या रुख्माबाईच्या हातात गेल्या आणि कायमच्या तिथेच राहिल्या. परीक्षेला बारा दिवस उरले होते. सेवकराम शेठकडे आता लालही नव्हती. तेव्हा गार्डसाहेबांनी लढाईनंतरच्या लिलावात घेतलेला लष्करी स्वेटर आठवला. तो खाकी होता, त्याला एका खांद्यावर भोक होते, आणि त्यांच्या अंगात तो फक्त एकदा गेला होता. शकुंतलाबाईंनी तो यजमानांना न विचारता आणून दिला. रुख्माबाईने तो उसवला. उसवलेली लोकर केसासारखी कुरळी असते. तिने ती भाताच्या वाफेवर धरून सरळ केली, आणि कितीही धुतली तरी मनगट्यांना आंबेमोहोराचा वास राहिला. प्रेमिलाने या वेळी जोडी आठ दिवसांत विणली. सुई चालवताना ती टाके मोजत होती, पण मधूनच आकडा विसरे आणि तरी टाका चुकत नसे. हे तिने वहीत लिहिले नाही, कारण लिहायचे कसे ते तिला कळले नाही.

आणि इथून खरी अडचण सुरू झाली, कारण मनगट्या फारच चांगल्या झाल्या होत्या.

पहिल्याच सकाळी शालीकरामने मिनिटाला चोवीस शब्द मारले. ठोके सरळ, स्वच्छ, एकसारखे. तिकडून उदारामने त्याला मध्येच तोडले आणि विचारले, कोण बोलते. शालीकराम म्हणाला, मी. उदारामने विचारले, मी म्हणजे कोण. शालीकरामने नाव सांगितले. उदारामला ते पटले नाही. बारा वर्षे तो ज्या हाताला पुसात 'शेका' म्हणत आला, तो हात हा नव्हे. त्याने खूण म्हणून विचारले की माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्ही काय आहेर केला होता. शालीकरामने बरोबर सांगितले. त्यावरून उदारामने असे ठरवले, की शालीकरामला कोंडून त्याच्याकडून सगळी माहिती काढून घेतलेली आहे.

उदाराम चांगला माणूस होता, पण नियमाचा होता. त्याने वर कळवले की गोंदियाच्या चावीवर अनोळखी इसम बसतो. ही गोष्ट लाइनवर पसरायला दुपार लागली नाही, आणि संध्याकाळी चाळीत परत आली तेव्हा त्या इसमाला नाव मिळाले होते. तारबाबूच्या जागी त्यांची सायन्सवाली बायको पदर खोचून चावी मारते. तिला तारेची भाषा येते, हे चाळीतल्या भिंतीपलीकडच्या प्रत्येकाने ऐकले होते.

प्रेमिलाला तिच्या हेडमास्तरणीने बोलावून विचारले, की तुम्ही शाळा सुटल्यावर रेल्वे चालवता का. प्रेमिला म्हणाली, नाही. त्या दिवशी फळ्यावर लिहिताना तिचा खडू दोनदा मोडला.

परीक्षेच्या दिवशी तार-इन्स्पेक्टर भैय्यालालजी सकाळच्या गाडीने उतरले. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. स्वतः वीस वर्षे चावीवर काढलेली. पूर्वी दुसऱ्या एका लाइनवर एका बाबूने आपल्या जागी मेहुण्याला परीक्षेला बसवले होते, तेव्हापासून त्यांनी स्वतःच एक नियम काढला होता : पलीकडच्या स्टेशनाने 'हात ओळखला' असे कळवल्याशिवाय परीक्षा धरायची नाही. सौंदडहून साक्षीला उदारामच होता. संशयित म्हणून प्रेमिलालाही बोलावले होते. ती आली, तिच्यामागे रुख्माबाई आली, कारण सुनेवर आळ आला असेल तर तो काय आहे हे आपल्याला समोरासमोर ऐकायचे आहे असे तिचे म्हणणे होते.

इन्स्पेक्टरांनी प्रेमिलाला दोन्ही हात दिसतील असे भिंतीपाशी उभे राहायला सांगितले. मग त्यांची नजर शालीकरामच्या मनगटावर गेली.

"ये क्या है, बाबू?"

शालीकरामला सांगता येईना. त्या वस्तूला अजून चाळीतही एक नाव नव्हते. इन्स्पेक्टरांनी गणवेशाचे नियम काढले. टोपी होती, कोट होता, पितळी बटणे होती, हे नव्हते. कपडा असेल तर वरून मंजुरी हवी, ते म्हणाले. औषध असेल तर डॉक्टरचा दाखला हवा. दोन्ही नसेल तर काढून ठेवा.

बाहेर धुके होते. खोलीची दोन्ही दारे इन्स्पेक्टरांच्या हुकमाने उघडी होती. प्रेमिलाने पिशवीतल्या थर्मामीटरकडे पाहिले. एकोणपन्नास अंश फॅरनहाइट. शालीकरामने मनगटी काढायला हात घातला, आणि भिंतीपासून तिचा आवाज आला.

"साहेब, इंजिनाच्या वाफेच्या नळीला दोर गुंडाळतात, तो गणवेशात धरतात का?"

इन्स्पेक्टरांनी मान वळवली. "नही. ते नळीचं वेष्टन. वाफ थंडी पडू नये म्हणून."

"हेही तेच आहे. आत नळ्या आहेत. त्या थंड पडू नयेत म्हणून."

इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे, मग मनगटीकडे, मग नियमांकडे पाहिले. वेष्टनाला मंजुरी लागत नव्हती. त्यांनी कागदावर तशी नोंद केली, घड्याळ काढले आणि मजकूर पुढे ठेवला.

शालीकरामने पाच मिनिटे मारली. चोवीस शब्द, एक चूक नाही. सौंदडहून सगळा मजकूर बरोबर परत आला आणि शेवटी उदारामचा दाखला आला : गती उत्तम. हात शालीकराम यांचा नाही.

मग इन्स्पेक्टरांनी मनगटी काढायला लावली. दहा मिनिटांनी शालीकरामने उघड्या हाताने पुन्हा मारले. पंधरा शब्द. उदारामचे उत्तर तात्काळ आले, आणि त्यात जिव्हाळा होता : हात शालीकराम यांचाच. हात शेका.

मनगटी घातली तर तो पास होता, पण तो तो नव्हता. काढली तर तो तोच होता, पण नापास होता. इन्स्पेक्टरांनी कपाळ चोळले. त्यांचा स्वतःचाच नियम होता, त्यामुळे तो मोडताही येत नव्हता. शालीकराम खाली पाहत होता. मालधक्क्याकडून पोती टाकल्याचा आवाज येत होता.

रुख्माबाईने हळू विचारले, "काऊन थांबले सारे?"

प्रेमिला भिंत सोडून पुढे आली. तिने हात दिसतील असे पुढेच धरले होते. ती म्हणाली, की माणूस बदलायचा तर चावी सुटावी लागते. चावी एकदाही न सोडता हात बदलला, तर माणूस तोच ठरेल. यांना मनगटी घालून सुरू करू द्या. पाच मिनिटे गती मोजा. नंतरही यांनी थांबायचे नाही. ते मारत असताना मी मनगटी काढीन.

"चालता हात आहे, बाई. ओढणार कशी?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"ओढणार नाही," प्रेमिला म्हणाली. "उसवणार."

शालीकरामने पहिल्यांदाच वर पाहिले. आठ दिवसांचे विणकाम होते ते, आणि त्याआधीचे अकरा दिवस, आणि एक गुंता. तो काही म्हणणार होता, पण तिने शेवटच्या टाक्याची गाठ सोडायला घेतली होती.

त्याचा हात गरम होईपर्यंत पाव तास सगळे थांबले. मग त्याने सुरुवात केली. पाच मिनिटे पूर्ण झाली, चोवीस. इन्स्पेक्टरांनी बोटाने खूण केली, मजकूर संपला होता म्हणून गणवेशाचे नियमच शालीकरामपुढे सरकवले, आणि तो टोपीपासून मारू लागला. प्रेमिला खाली वाकली. चावी मारताना मनगट टेबलापासून जरा उचललेले असते. त्या फटीतून ती धागा फिरवू लागली. वरून खाली, खालून वर. एक फेर सुटला. दुसरा सुटला. जुनी लोकर कुठे कुठे एकमेकीला धरून बसली होती, तिथे ती नखाने सोडवी. ठोक्याला धक्का लागू देत नव्हती. सुटलेला धागा रुख्माबाई गुंडाळत होती. खोलीत आंबेमोहोराचा वास पसरला. शालीकराम कोटावर आला तेव्हा अर्धे मनगट उघडे होते. बटणांवर आला तेव्हा ठोके लांबायला लागले. इन्स्पेक्टरांनी घड्याळ खाली ठेवले आणि डोळे मिटले. ते नुसते ऐकत होते. स्वच्छ ठोक्यांमध्ये एक अडखळणारा ठोका आला, मग दोन, मग एक ठोका विचारात पडला. शेवटचा फेर सुटला आणि मनगट पूर्ण मोकळे झाले. शालीकराम मारतच राहिला.

मग सौंदडने त्याला तोडले. प्रेमिलाने ते इन्स्पेक्टरांच्या आधी वाचले.

हात शालीकराम यांचा. पहिल्या शब्दापासून कडी तुटली नाही. आधीचा हातही यांचाच धरावा.

थोडे थांबून आणखी आले : माफी असावी. इतका चांगला हात यांचा असेल असे वाटले नाही.

इन्स्पेक्टरांनी 'पास' असे लिहिले, सही केली, आणि प्रेमिलाला बसायला खुर्ची दिली. रुख्माबाईने खाकी गुंडी तिच्या मांडीवर आणून ठेवली. तिने इन्स्पेक्टरांना सांगितले, की हे सगळं आमच्या सुनेनं बाटलीवर करून पाहिलं होतं, तवाच आम्हाले माहीत होतं.

शालीकराम उठला नव्हता. त्याने साहेबांना विचारले, की एक शब्द खाजगी मारू का. खाजगी शब्द मारायला सक्त मनाई होती. भैय्यालालजी उठून खिडकीशी गेले आणि बाहेर धुक्यात काही विशेष दिसते का ते पाहू लागले.

लग्नाला सात वर्षे झाली होती. शालीकरामने बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. आईसमोर नाही, एकांतातही नाही. 'ऐकलं का' एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. त्याने आखडलेला हात चावीवर ठेवला आणि लाइनवरच्या सगळ्या स्टेशनांना कळवले, की वेष्टन कोणी विणले. मग त्याने तिचे नाव मारले. थंड हाताने, सावकाश, एकेक अक्षर वेगळे, चुकणार नाही अशा बेताने.

क्षणभर काही झाले नाही. मग सौंदडने 'मिळाले' म्हटले. त्याच्या अलीकडच्या स्टेशनाने म्हटले, पलीकडच्या स्टेशनाने म्हटले. एकाचा ठोका लांबट, एकाचा तुटक. प्रत्येकाने आपल्या हाताने तिचे नाव परत मारून दाखवले. तार बरोबर पोचली का, ते पडताळायची तीच पद्धत असते.

प्रेमिला खुर्चीत ताठ बसून ऐकत होती.

"का वो, काय म्हणून राहिलं ते यंत्र?" रुख्माबाईने विचारले.

"गाडीचं आहे, आत्याबाई," प्रेमिला म्हणाली, आणि दूरच्या शेवटच्या स्टेशनाने शेवटचे अक्षर परत करेपर्यंत ती जागची उठली नाही.